साधनांचा सुकाळ, सवडीचा दुष्काळ

प्राथमिक शिक्षकाला आता कशाचीच वाण राहिलेली नाही, असे हल्ली फार ठासून सांगितले जाते. २०१७ पासून दीक्षा ॲप आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, प्रत्येक घटकावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. तयार पाठटाचणे आणि स्वाध्यायपत्रिका व्हॉट्सॲपवरून घरपोच येतात, भाषापेटी आणि गणितपेटी शाळेच्या कपाटात आहे. एवढे असूनही चौथीतल्या मुलाला दुसरीचा उतारा धड वाचता येत नसेल तर दोष शिक्षकाच्या आळसाचा, असा निष्कर्ष त्यातून निघतो. त्याच तर्काची पुढची पायरी अशी: पंधरा-वीस मुलांच्या खेड्यातल्या शाळेला ही सगळी साधने पुरवणे परवडत नाही, तिथली मुले मागे पडतात, म्हणून अशा शाळा मोठ्या शाळेत विलीन कराव्यात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक होत्या आणि कोकणाचा त्यांतला वाटा मोठा होता. मला ही दोन्ही विधाने चुकीची वाटतात. दुसरे पहिल्याच्या पोटातून आलेले आहे, त्यामुळे आधी पहिल्याचाच समाचार घ्यायला हवा. शिकवण्याचे साधन ही पेटीत भरून, लिंक पाठवून किंवा बसने मुलांना तिच्याजवळ नेऊन पुरवण्याची वस्तू आहे, हा समज त्याच्या मुळाशी आहे.

तपासून पाहण्यासाठी कुडाळ तालुक्यातले वालावल घेऊ. लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ, त्याला लागून तळे, माडा-पोफळीच्या बागा, भातशेती आणि पुढे देवबागेजवळ समुद्राला मिळणारी कर्ली नदी. पर्यटनाच्या माहितीपत्रकात गाव एवढ्यावर आटोपते. पहिली ते चौथीचा अभ्यासक्रम हातात घेऊन पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. हा अभ्यासक्रम मुलाकडून मागतो काय? मोजणे, तुलना करणे, वर्गीकरण करणे, क्रम लावणे, पाहिलेले सांगणे आणि लिहिणे, घड्याळ व दिनदर्शिका वाचणे, पाव-अर्धा-पाऊण समजणे, पाणी, अन्न आणि व्यवसाय यांची माहिती असणे. आता कर्लीची भरती पाहा. पाणी रोज चढते आणि उतरते, हे नदीकाठच्या सहा वर्षांच्या मुलालाही सांगावे लागत नाही. ते केव्हा चढेल यासाठी किनाऱ्यावरच्या माणसांचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणावे, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. हा ठोकताळाच आहे, बंदरागणिक त्यात फरक पडतो आणि खाडीत आत जावे तसा आणखी पडतो. पण वर्गासाठी त्याची खरी किंमत त्या फरकातच आहे. सुरक्षित जागी, मोठ्या माणसाच्या सोबतीने, चार-चार बोटांवर खुणा केलेला एक बांबू रोवला आणि पंधरा दिवस पाणी कुठवर आले व केव्हा आले याची नोंद ठेवली, तर तिसरी-चौथीच्या मुलांच्या हाती पाऊणकी येते, घड्याळ येते, तक्ता भरणे येते. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पाऊण तास उशिरा का येते, हा प्रश्न येतो आणि त्याच्या मागून चंद्र येतो. गणिताने दिलेली वेळ आणि बांबूने दाखवलेली वेळ जुळत नाही तेव्हा काय करायचे, हा विज्ञानाचा पहिला धडाही त्यातच आहे. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांतला फरक बांबूवर बोट ठेवून दाखवता येतो. यातले काहीही विकत मिळत नाही आणि कुठल्याही ॲपवर वालावलची भरती सापडणार नाही.

भातमोजणीचेही तसेच. पायली, कुडव, खंडी ही मापे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत आणि ती गावागणिक बदलतात. सगळीकडे चालेल असे एकच माप कशाला हवे, हे मुलांना समजावून सांगण्याऐवजी दोन घरांची दोन मापे शेजारी ठेवली की पुरते. याच तालुक्यातले पिंगुळी घ्या. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जिवंत ठेवली आणि त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. एकेक चित्र पुढे सरकवत गोष्ट उलगडत नेण्याची ही कला म्हणजे पहिली-दुसरीच्या भाषाशिक्षणाचा उत्तम पाठ आहे. चित्रांची चळत विस्कटून क्रम लावायला सांगा, एक चित्र लपवून तिथे काय घडले असेल ते विचारा, शेवटचे चित्र आधी दाखवा. हेच काम करण्यासाठी शाळांत लॅमिनेट केलेले चित्रवाचनाचे तक्ते येतात, आणि त्यांवर बहुधा शहरातली बाग आणि वाहतुकीचा सिग्नल असतो. सिग्नलचे चित्र मुलांनी पाहूच नये असे मी म्हणत नाही. बोलायला शिकताना मात्र आधी ज्याविषयी बोलण्यासारखे भरपूर आहे ते समोर हवे. मालवणी मुलाच्या तोंडी आंबो, घोडो, रस्तो असते आणि पुस्तकात आंबा, घोडा, रस्ता. हा फरक नियमाने चालतो, म्हणून तो शिकवण्याजोगा आहे. फळ्यावर दोन रकाने आखून मुलांकडूनच जोड्या लावून घेतल्या की नियम त्यांचा तेच शोधतात. शिक्षकाला हे ठाऊक नसेल तर प्रत्येक ओकारान्त शब्द चूक ठरतो, आणि पहिलीतले मूल वर्गात तोंड उघडेनासे होते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरते, तो अमलात आणायला असे दोन रकाने आखता येणारा माणूस लागतो.

इथे पहिला आक्षेप लगेच येईल: हे सगळे गावात पडलेलेच आहे, मग शिक्षक ते वापरत का नाहीत? माझे म्हणणे इथूनच सुरू होते. भरती, भात आणि चित्रकथी ही आपोआप साधने नसतात. त्यांतून उद्याच्या तासाचा नेमका प्रश्न काढणारा माणूस भेटला की ती साधने होतात. त्यासाठी त्या माणसाला तीन गोष्टी लागतात: तयारीला वेळ, गावात टिकून राहणे आणि मुलांची भाषा. मराठी बालशिक्षणाच्या इतिहासातला सर्वांत ठळक पुरावा हेच सांगतो. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत माँटेसरी पद्धत आत्मसात केली होती. तिची साधने परदेशी, घडीव आणि महाग होती. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नव्हती, तर शाळाच पाड्यावर आणि मुले गुरे राखत होती त्या कुरणात गेली. शिंपले, बिया, खडे, पाने यांतून माँटेसरीची तत्त्वे पुन्हा उभी राहिली. पुढे देशभर रुजलेली अंगणवाडीची कल्पना याच प्रयोगांतून आली. या कथेतले शिंपले आणि खडे सगळ्यांच्या लक्षात राहतात. त्या दोघींनी त्या एकाच मुलखात आयुष्याची उरलेली वर्षे घातली आणि मुलांचे घर, काम, बोली यांचा अभ्यास केला, हे मात्र सांगितले जात नाही. शिंपले उचलून आणायला पाच मिनिटे पुरतात. कोणत्या मुलापुढे कोणत्या दिवशी किती शिंपले ठेवायचे हे कळायला वर्षे लागतात, आणि कोसबाडचे यश त्या वर्षांचे आहे.

साधने पुरवली की शिक्षण सुधारते का, याची मोजमाप करून तपासणीही झाली आहे. केनियाच्या पश्चिम भागात मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांना पाठ्यपुस्तके देऊन पाहिली. सर्वसाधारण मुलाच्या गुणांत फरक पडला नाही, आधीपासून हुशार असलेल्या मुलांना तेवढा फायदा झाला. कारण उघड होते. पुस्तके इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा. त्याच भागात तक्त्यांचाही असाच प्रयोग झाला, तक्ते मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांत फरक आढळला नाही. क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी. पेरूने खेड्यांतल्या मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात भाषा आणि गणित यांत सुधारणा दिसली नाही. आपल्याकडे १९८७ साली खडू-फळा मोहीम सुरू झाली. किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि नकाशे, तक्ते, खेळणी, प्रयोगसाहित्य असा तिचा संच होता. खोल्या आणि शिक्षक ही तिची मोठी देणगी, ती कुणी नाकारू नये. साहित्याच्या वाट्याला मात्र बऱ्याच ठिकाणी कुलूप आले. कॅरोलिन डायर यांनी बडोदे परिसरात या मोहिमेचा अभ्यास केला, तेव्हा वर ठरलेले साहित्य आणि वर्गातल्या शिक्षकाची गरज यांचा मेळ बसत नसल्याचेच त्यांना दिसले. हरवले तर भरपाई आपल्याकडून होईल या धास्तीने पेटी न उघडणारा मुख्याध्यापक आळशी नव्हता. ती पेटी आपली आहे असे त्याला कुणी कधी वाटू दिले नाही.

महाराष्ट्राचा अलीकडचा अनुभव याहून बोलका आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम करून नाव मिळवले. २०१५ मध्ये राज्याने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम घेतला आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला जाऊ लागल्या. शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग पाहावा यासारखे चांगले काही नाही, ती इच्छा खरी होती. परत आल्यावर गावोगावी जे प्रथम झाले ते म्हणजे फरशा रंगल्या. संख्यांचे चौकोन, अक्षरांची फुले, शब्दांचे डोंगर जमिनीवर उमटले, कारण तेवढेच फोटोत येत होते आणि तेवढेच तपासणीत मोजता येत होते. कुमठ्याच्या शिक्षकांनी एकमेकांत केलेल्या चर्चा, फसलेले तास, एका मुलासाठी बदललेला क्रम यांतले काही फरशीवर रंगवता येत नाही. ज्या शाळांत शिक्षकांनी त्या आकृत्यांमागचा विचार स्वतः करून पाहिला तिथे त्या कामी आल्या, इतरत्र त्या पायाखाली झिजल्या. २०२३ साली पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून मध्ये नोंदींसाठी कोरी पाने घालण्यात आली आणि २०२५ च्या जानेवारीत ती पाने काढून टाकण्याचा निर्णय झाला. दप्तराचे ओझे कमी करण्याचा हेतू चांगला होता. पण त्या पानांचे काय करायचे ते वर्गातल्या शिक्षकाने ठरवावे, आणि ते ठरवायला त्याला उसंत मिळावी, याचा विचार पाने घालतानाही झाला नाही, काढतानाही नाही.

आता कुणी रणजितसिंह डिसले यांचे नाव घेईल आणि ते घ्यायलाच हवे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांचे क्यूआर कोड जगाला माहीत झाले. मग साधनाने क्रांती होत नाही असे कसे म्हणता? त्या कामाचा क्रम पाहा. परितेवाडीतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. डिसले आधी ती भाषा शिकले, त्यांनी पुस्तकांतला मजकूर मुलांच्या भाषेत नेला आणि मग त्याला क्यूआर कोड जोडले. कोड हा शेवटचा दुवा होता. राज्याने तो पहिला समजून सगळ्या पुस्तकांवर छापला. कोड छापण्यात चूक काही नाही, त्याचा उपयोग करणारे शिक्षक आहेत आणि त्यांना तो हवाच. पण एका शिक्षकाने आपल्या वर्गातल्या मुलांसाठी शोधलेले उत्तर सगळ्या राज्याला वाटले, तेव्हा त्यातला शोध गळाला आणि चौकोनी ठसा उरला. वालावलच्या शिक्षकाने डिसल्यांचे अनुकरण करायचे तर कोड बनवण्याआधी मालवणी शिकावी लागेल.

सर्वांत वजनदार आक्षेप याच्यापुढचा आहे. प्रत्येक शिक्षक अनुताई किंवा डिसले नसतो. लाखो शिक्षकांच्या व्यवस्थेला सामान्य वकुबाच्या, प्रामाणिक माणसावर चालावे लागते, त्याला तयार पाठ हातात दिलाच पाहिजे. याला पुरावाही आहे. केनियातच पुढे 'तुसोमे' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्यात शिक्षकाला दिवसवार पाठ-मार्गदर्शिका दिली, प्रत्येक मुलाला पुस्तक दिले आणि मुलांचे वाचन खरोखर सुधारले. हा पुरावा मी मान्य करतो. पण त्या कार्यक्रमात मार्गदर्शिकेबरोबर वर्गात येऊन बसणारा, शिकवणे पाहून शिक्षकाशी बोलणारा मार्गदर्शकही होता. त्याला वगळून उरते ती निव्वळ पुस्तिका, आणि पुस्तिका आपल्याकडे कमी नाहीत. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने बहुवर्ग शाळांसाठी शिक्षणकार्डांचा संचच बनवला. तेही तयार साहित्यच. पण ती कार्डे शिक्षकांनी स्वतः वर्गात वापरत घडवली आणि त्यांत भोवतालची गाणी-गोष्टी घेतल्या. तयार पाठ नको, असे मी म्हणतच नाही. दशावतारात कथा आधी ठरलेली असते, कोण केव्हा रंगमंचावर येणार हे ठरलेले असते, संवाद मात्र नट समोरच्या नटाकडे आणि प्रेक्षकांकडे पाहून तिथेच रचतो. पाठटाचणाने शिक्षकाला एवढेच बळ द्यावे. हे बळ देण्याची यंत्रणा आपल्याकडे कागदावर उभीच आहे. प्रत्येक केंद्राला केंद्रप्रमुख आहे, दरमहा शिक्षण परिषद भरते. त्या परिषदेत एखाद्या शिक्षिकेने आपला फसलेला तास मांडावा आणि दहा जणांनी मिळून तो दुरुस्त करावा, यासाठी ती आहे. प्रत्यक्षात तिचा पुष्कळसा वेळ सूचना वाचण्यात आणि माहिती गोळा करण्यात जातो. केंद्रप्रमुखांच्या अनेक जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आणि भार प्रभारींवर. सामान्य शिक्षकाला आधार हवा हे खरे असेल, तर तो आधार माणसाचा हवा, आणि जी माणसे आहेत ती आपण अहवाल जमवण्यात गुंतवून ठेवली आहेत.

वेळेचा हिशेब तर कायद्यातच करून ठेवला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे, आणि शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास, तेही 'तयारीच्या तासांसह'. ८०० भागिले २०० म्हणजे दिवसाला चार तास, सहा दिवसांचे चोवीस. प्रत्यक्षात वर्ग याहून जास्त चालतात असे धरले तरी कायदा करणाऱ्यांच्या मनात तयारीचे बरेच तास होते हे स्पष्ट आहे. ते तास कुठे गेले? यू-डायस, स्टुडंट पोर्टल, आधार पडताळणी, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, बीएलओचे काम, या अभियानाचे फोटो, त्या उपक्रमाची लिंक. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शासनाने कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी विभागणीही केली. तरी दोन शिक्षकी शाळेत एक जण ऑनलाइन माहिती भरायला बसला की दुसऱ्यापुढे चारही वर्ग असतात. अशा वेळी तो यूट्यूबवर कवितेचा व्हिडिओ लावून देतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो साधनांचा वापर दिसतो. खरे तर ते शिक्षकाच्या गैरहजेरीवरचे पांघरूण आहे, आणि ती गैरहजेरी त्याच्यावर लादलेली आहे. मोबाइलवर हजार कल्पना असतील, पण त्यांतली एक निवडायला, आपल्या मुलांसाठी बदलायला आणि शिंपले-काड्या जमवायला लागणारा तास मोबाइलवर येत नाही.

एक आक्षेप आईबापांच्या बाजूने येतो आणि तो मनाला लागणारा आहे. शहरातल्या मुलांना संगणक आणि इंग्रजी, आणि आमच्या मुलांना तळे, भात आणि मालवणी. म्हणजे खेड्यातल्या पोराने खेड्यातच राहावे असा हा डाव आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतरच्या नयी तालीमवरही हाच आरोप झाला होता. त्यात तथ्य होते, कारण हस्तोद्योग हेच शिक्षण असा अर्थ काही ठिकाणी लावला गेला. मात्र भरतीच्या बांबूवरून पाऊणकीला, तक्त्याला आणि चंद्राच्या गतीला पोहोचलेले मूल गावात अडकत नाही. अडकते ते, ज्याला पाऊण म्हणजे काय हे चौथीपर्यंत कळलेच नाही आणि ज्याने इंग्रजी माध्यमात जाऊन दोन्ही भाषा अर्ध्या ठेवल्या. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य मागितले होते. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातून येऊन लोकांत मिसळणारे आणि त्यांच्या गरजा जाणणारे असावेत, त्यांना पगार चांगला असावा, असेही त्यांनी म्हटले. बहुजनांच्या मुलांना कमी प्रतीचे शिक्षण मिळावे म्हणून फुल्यांनी हे मागितले, असे कुणी म्हणू शकेल का? इंग्रजी आणि संगणक वालावलच्या मुलांना मिळालेच पाहिजेत. ते उसन्या पायावर उभे राहत नाहीत, एवढाच माझा आग्रह आहे. आणि राज्यानेही हे तत्त्व कधी नाकारलेले नाही. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारती जिल्हावार काढते. पण जिल्हा म्हणजे गाव नव्हे. आंबोलीच्या मुलाला घाट दिसतो, मालवणच्या मुलाला समुद्र, वालावलच्या मुलाला खाडी. जिल्ह्यापासून गावापर्यंतचा हा शेवटचा टप्पा कुठलेही मंडळ छापून देऊ शकणार नाही, तो शिक्षकानेच ओलांडायचा असतो.

उरला शाळा विलीन करण्याचा मुद्दा, आणि वरचे सगळे मान्य केले तर तो फार काळ टिकत नाही. लहान शाळेत मुलांना सवंगडी कमी मिळतात हे खरे आहे. महिन्यातून दोन दिवस शेजारच्या शाळा एकत्र बसवून ते भागवता येते. एका खोलीत अनेक इयत्ता असणे ही आपत्तीच, असे मात्र नाही. कोलंबियात १९७० च्या दशकात अशाच ग्रामीण बहुवर्ग शाळांसाठी 'एस्क्वेला नुएव्हा' ही पद्धत घडवली गेली आणि मोठी मुले लहानांना शिकवतात, प्रत्येक जण आपल्या गतीने पुढे जातो, हे तिचे बळ ठरले. सिंधुदुर्गात पट कमी होण्याचे कारण शाळेत नाही. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. माणसेच मुंबई-गोव्याकडे जात आहेत आणि मुलेही कमी जन्माला येत आहेत. शाळा हलवून हे थांबणार नाही. जूनच्या पावसात सहा वर्षांच्या मुलीला पाणी भरलेल्या व्हाळापलीकडे बसने नेण्यात जोखीम आहे, आणि त्यावर जो खर्च होतो तो पैसा तिच्याच वाडीतल्या शाळेत दुसरा शिक्षक टिकवायला वापरता येतो. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिलेले आहेत. या जिल्ह्याचे दुखणे शिक्षक न टिकण्याचे आहे. आंतरजिल्हा बदल्यांनी शाळा ओस पडतात, त्या जागा भरायला वेळ लागतो, आणि मालवणी ज्यांची घरची भाषा आहे ते स्थानिक डी.एड. झालेले तरुण नेमणुकीसाठी आंदोलने करतात.

म्हणून मागणी साधनांची करू नका. कुणी आणखी एक पेटी किंवा स्मार्ट टीव्ही देऊ केला तर घ्या, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीला शाळेच्या कामकाजावर देखरेख करण्याचा अधिकार आहे, आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तीच तयार करते. त्या आराखड्यात रंगरंगोटी आणि कंपाउंडाच्या भिंतीबरोबर शिक्षकांच्या तयारीचे साप्ताहिक तास लिहा, शिक्षण परिषदेत अहवाल मागू नयेत असा ठराव करा, शिक्षक एका शाळेत किमान पाच वर्षे राहावा अशी मागणी जिल्हा परिषदेकडे पाठवा. आणि समितीच्या पुढच्या बैठकीला गेलात की पटावर किती मुले आहेत हे विचारण्याआधी विचारा: गेल्या महिन्यात बाईंना आणि गुरुजींना उद्याच्या तासाची तयारी करायला किती तास मिळाले?